‘निरुपद्रवी’ हा शब्द खटकला
‘साधी गाठ म्हणजे निरुपद्रवी, घाबरायचं कारण नाही’ असं तुमच्या गाठींवरच्या लेखात सरसकट म्हटलंय, ते पटलं नाही. साधी म्हणजे कॅन्सरची नाही, इतकाच त्याचा अर्थ. नाकाच्या मागच्या बाजूला होणारी अँजिओफायब्रोमा ही गाठ साधीच, पण रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली. होते ती जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांना, आणि वाढत वाढत डोळ्याच्या खोबणीत, कवटीच्या तळापर्यंत पोचू शकते.

माझ्या पुतण्याला 14व्या वर्षी ती निघाली. सहा-सात महिने त्याचा घोळणा फुटायचा आणि आम्ही म्हणायचो, उष्णता झाली असेल. कांदा हुंगवा, गुलकंद द्या. डावी नाकपुडी कायम चोंदलेली असायची, तिकडे कुणी लक्षच दिलं नाही. पहिल्या दवाखान्यात तर ‘मांस वाढलंय, तुकडा काढून तपासू’ म्हणाले. नशीब, वहिनींनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं! अशा गाठीचा तुकडा ओपीडीत काढला तर रक्त आवरणं कठीण होतं. निदान कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्या ठळक दाखवणारा) सीटी स्कॅन आणि एमआरआयवरूनच करतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी आतून बंद केली, मग दुर्बिणीने गाठ काढली. ती परत येऊ शकते, म्हणून ठरावीक काळाने एमआरआय अजून चालूच आहेत. वयात येणाऱ्या मुलाची एकच नाकपुडी सतत बंद आणि वरचेवर रक्त, तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, एवढी ओळ तरी कृपया लेखात घाला.