गांजाच्या जत्रेचं निमंत्रण

जळगावात रंगीत प्रिंट स्वस्तात मिळते, अब्रूचे पैसे वेगळे. परवा बर्लिनच्या प्रदर्शनाचं निमंत्रणपत्र काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. धंदा ठिबकच्या नळ्यांचा. तिकडे बंदिस्त शेडमध्ये कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या कुंड्यांत जे झाड वाढवतात, त्यालाही ताशी 2 लिटरचा, दाब सांभाळणारा ड्रीपर चालतो. झाड टोमॅटोचं की गांजाचं, हे ड्रीपरला कळत नाही. झेरॉक्सवाल्याला लगेच कळलं. पत्राच्या डोक्यावर पंजाएवढं हिरवं पान होतं. त्याने प्रिंट उलटी करून, मेडिकलवाला काही वस्तू काळ्या पिशवीत देतो तशी, माझ्या हातात सरकवली.

मागे पीकविम्याचे कागद घेऊन एक बाबा उभे होते. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. त्यांनी माझ्या हातातली प्रिंट घेऊन सुलटी केली.

"भाऊ, हाई ते गांजा शे!"

अख्खं दुकान वळलं. म्हटलं, बाबा, प्रदर्शन आहे. जर्मनीत. कायदेशीर.

"आठे शिरपूरकडे पोलीस उपाडतस, आनी तठे लोके तिकीट काढीसन दखतस?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"तिकीट कितलानं?"

तिकिटाचं सोडा, नुसत्या व्हिसाची फी 90 युरो.

"आनी व्हिसा नही भेटना ते?"

फी परत मिळत नाही.

बाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "त्यापेक्षा शिरपूरले जाय ना भाऊ. मले ते यष्टी फुकट शे."

दुकान हसलं. बाबांचा चेहरा मात्र हलला नाही. प्रिंट परत देता देता त्यांनी हळूच विचारलं, "तठे नर झाडे काढी टाकतस ना? नही ते बी धरस."

आता दुकान बाबांकडे बघायला लागलं.

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. तिकडे मादी झाडाच्या फांद्यांपासूनच रोपं करतात, म्हणजे नराची भानगडच नको. आणि खरं सांगायचं तर पत्रावरचं ते पान कायद्याने गांजा नव्हेच. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसतं पान आणि बी त्या व्याख्येत बसत नाही. उत्तराखंड 2018 पासून 0.3 टक्क्यांच्या आतल्या टीएचसीच्या (नशा आणणारा घटक तो हाच) झाडाला लागवडीचा परवाना देतं. पण हे झेरॉक्सच्या रांगेत कुणाला सांगता? बँकेत ‘खाते तपासणी’चा शिक्का मारणारी बाईसुद्धा पान बघून दोनदा वर बघते.

तरी हसणं परवडलं, कागद परवडत नाहीत. जूनमध्ये बर्लिन, ऑक्टोबरात व्हिएन्ना, वर्षाअखेरीस लास व्हेगास. कॅलेंडर प्रदर्शनाच्या तारखेवरून नाही, व्हिसाच्या तारखेवरून उलटं मोजायचं. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिन्यांआधी घेत नाहीत आणि 15 दिवसांच्या आत देऊ नये. एकाच फेरीत दोन देश असले तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असल्या तर जिथे आधी उतरणार तिथे. विमा किमान 30,000 युरोचा. उद्देशाच्या रकान्यात ‘पर्यटन’ लिहून सोबत पानाचं पत्र जोडणारे महाभाग आहेत; त्यांचा अर्ज परत आला तर अधिकाऱ्याला शिव्या देऊ नयेत. सरळ लिहावं: सिंचन साहित्याचा व्यापार, स्टॉल अमुक.

अमेरिकेची गंमत वेगळीच. लास व्हेगास ज्या नेवाडा राज्यात, तिथे गांजा कायदेशीर, पण व्हिसा देणारं आणि विमानतळावर अडवणारं केंद्र सरकार त्याला बेकायदेशीरच मानतं. डीएस-160 या व्हिसाच्या अर्जात अंमली पदार्थांचा कायदा कधी मोडला का, असं विचारतात. 2018 साली कॅनडात गांजा खुला झाला तेव्हा अमेरिकेच्या सीमा खात्याने स्पष्ट केलं की या धंद्यात असलेला कॅनेडियन दुसऱ्या कामाने आला तर सहसा अडचण नाही, धंद्याच्याच कामाने आला तर मात्र प्रवेश नाकारला जाऊ शकतो. कॅनेडियनांची ही गत, तिथे आपण ठिबकवाले कुठल्या झाडाचा पाला! जर्मन माणूस ट्रेनने येतो, तिकीट दाखवतो, आत जातो. आपण बँक स्टेटमेंट दाखवून मुंबईला बोटांचे ठसे द्यायचे.

नमुने न्यायचे तर फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडून एटीए कार्नेट काढावं, म्हणजे माल शुल्क न भरता तात्पुरता नेऊन परत आणायचा कागद. त्यात प्रत्येक नगाची यादी असते आणि यादीतला प्रत्येक नग परत यावा लागतो. फुकट वाटायचे ड्रीपर आणि माहितीपत्रकं त्यात धरू नयेत. एक ड्रीपर जरी कुणी प्रेमाने खिशात घातला तरी त्यावर तिथलं शुल्क भरा.

येताना तर डोळ्यांत तेल घालायचं. स्टॉलवर भेटपिशव्या मिळतात; त्यात गोळ्या, तेलाच्या बाटल्या, बियांची पाकिटं असतात. पिशवी हॉटेलातच रिकामी करायची, कप्पे उलटे करून झटकायचे. बियाणं आणायला वनस्पती क्वारंटाइनचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या रोपा-बियांवरची रोगकीड तपासणाऱ्या खात्याचा आयात परवाना लागतो, आणि सिंगापूरमार्गे येणाऱ्याने 500 ग्रॅमच्या वर गांजाच्या तस्करीला तिथे फाशी आहे एवढं ध्यानात ठेवावं.

आणि हे सगळं निस्तरत असताना गल्लीतला प्रत्येक जण डोळा मारून म्हणतो, "येताना थोडं घेऊन ये." प्रत्येकाला वाटतं, हा विनोद त्यालाच पहिल्यांदा सुचला.