खड्डा संगणकाने पाडलेला नाही

गेले आठ दिवस फोंड्यातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॉम्प्युटर नव्हते तेव्हाचे रस्ते टिकले, आता इंजिनियर स्क्रीनवर डिझाइन करतात आणि चवथीपर्यंत खड्डे पडतात, संगणकाला डांबर काय कळणार, डांबर भरपूर घाला, थर जाड करा. मी डांबरी मिश्रणांच्या चाचण्या करते. खड्ड्यांचा राग मलाही येतो, पण हा मेसेज भलत्यालाच दोषी ठरवतो.

जुन्या रस्त्यांपासून सुरुवात करू. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर सैनिकांकडून ट्रक पळवले. ११ लाखांहून जास्त आस (चाकांची जोडी जोडणारे दांडे) त्यांवरून गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की झीज आसावरच्या ओझ्याच्या चौथ्या घाताने वाढते. ओझं दुप्पट, तर झीज सोळापट. आसावर फक्त २० टक्के जादा ओझं आलं तरी झीज दुपटीवर जाते. डिचोली-सांग्याकडे खनिजाचे ट्रक ज्यांनी पाहिलेत, त्यांना आणखी काय सांगायचं? दिवसाकाठी चार बसगाड्या जाणारा जुना रस्ता टिकला, यात नवल नाही.

आता 'संगणकाला डांबर काय कळणार'. डांबर धड घन नाही, धड द्रव नाही. कडक उन्हात, संथ ओझ्याखाली ते हळूहळू वाहतं. गारव्यात चाक झपकन गेलं तर दगडासारखं घट्ट राहतं. म्हणून तर चाकोऱ्या चढावर, बसथांब्यापाशी, सिग्नलजवळ जास्त खोल पडतात. अनमोड घाट रांगत चढणारा ट्रक रस्त्याच्या दृष्टीने आणखी तापलेल्या दिवसासारखाच असतो. प्रयोगशाळेत आम्ही मिश्रणाचा नमुना वेगवेगळ्या तापमानाला, वेगवेगळ्या गतीने दाबतो आणि ते आकडे संगणकातल्या मॉडेलला देतो. म्हणजे डांबराचा स्वभाव आधी हाताने मोजलेला असतो; संगणक त्यावरून हिशेब करतो.

भारतात थरांची जाडी ठरवायला इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेसोबतचं आयआयटीपेव्ह हे सॉफ्टवेअर वापरतात. ते मुख्यतः दोन जागा तपासतं: डांबरी थर तळाशी किती ताणला जातो, कारण पुन्हा पुन्हा ओझं पडून येणारे थकव्याचे तडे तिथून सुरू होतात असं ते धरतं, आणि खालच्या मातीचा माथा किती दबतो. हे सॉफ्टवेअर प्रत्येक थर एकसंध आणि लवचीक मानतं, एकेक खडी त्याला दिसत नाही. मेसेजमधली ही शंका रास्त आहे. पण संशोधन तिथेच थांबलेलं नाही. १९७९ साली कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी सुटे कण एकेक करून मांडायची पद्धत दिली. आज नमुन्याचा सीटी स्कॅन काढून त्यातली खडी न् खडी संगणकात उभी करता येते. कोणती खडी कोणाला टेकलीय, ओझं कुठून खाली उतरतं, डांबर कुठे सुटायला लागतं, हे सगळं नमुना न फोडता दिसतं. मी पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा बराच वेळ जागची हलले नव्हते.

'डांबर भरपूर घाला' हा सल्ला मात्र घातक आहे. मिश्रणात वजनाने साधारण ५ टक्केच डांबर असतं, बाकी खडी, कच आणि भुकटी. आराखड्यात ३ ते ५ टक्के पोकळी, म्हणजे हवेची रिकामी जागा, मुद्दाम राखतात. जादा डांबराने ती भरली की खडी एकमेकींना टेकत नाहीत. मग मे महिन्यात डांबर वर येतं, चपलेला चिकटतं आणि चाकाखाली रस्ता सरकतो.

जाड थराने तळाचा ताण कमी होतो, हे खरं. पण फुटक्या रस्त्यावर दर वर्षी थर चढवत गेलं की खालचे तडे वर येतात आणि रस्ता उंच होऊन पावसाचं पाणी लोकांच्या अंगणात शिरतं.

मग खड्डे कशाने पडतात? बहुतेक वेळा पाण्याने. आपल्याकडे गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मिश्रण गरम असताना रोलर पुरेसा फिरला नाही आणि पोकळी ८ टक्क्यांच्या वर राहिली, तर छिद्रं एकमेकांना जोडली जातात. पाणी आत शिरतं, चाकाच्या दाबाने खडीवरून डांबर सोलून काढतं. जाडीचा हिशेब करताना गटार वाहतं आहे आणि रोलर नीट फिरला आहे, असं धरलेलं असतं. ते करणं माणसांच्या हातात असतं.

म्हणून वाड्यावर पुढच्या वेळी हॉटमिक्सिंग झालं की ग्रामसभेत दोनच आकडे मागा: डिझाइनमध्ये पोकळी किती धरली होती आणि रस्त्यातून काढलेल्या नमुन्यात ती किती निघाली. मिळाले की ग्रुपवर टाका, त्यांचा अर्थ मी समजावून सांगेन.