ट्रॅक्टरवाली नोट, पाच लाख आणि आमचा आज्जा

आज्जा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेला कुणी हात लावला नव्हता. गेल्या महिन्यात बेळगावातल्या शहापूरचं घर रंगवायला काढलं तेव्हा आज्जीनंच किल्ली दिली. आत जमिनीचे उतारे, जुनी रेशनकार्डं आणि हरिपाठाच्या वहीत नोटा. ट्रॅक्टरवाल्या पाचाच्या पंधरा-वीस, एक रुपयाच्या काही, आणि सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली दोनाची एक.

भाच्यानं लगेच मोबाईल काढला. "मामा, ट्रॅक्टरच्या नोटेला पाच लाख द्यायलेत बघा!" मेसेज केला, तर उत्तर आलं, आधी नोंदणीचे अडीच हजार भरा. वर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मीही मनात हिशोब मांडला. पण म्हैस विकत घ्यायला आलेला माणूस आपल्याकडेच पैसे मागतो का कधी? असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही, आपण कसलं शुल्क घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. तरी ते मेसेज फिरतातच, आणि फिरवणारे आपलेच शिकलेले लोक असतात याचा मला जास्त राग येतो.

मग वडगावातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे गेलो. त्यांनी साल विचारलंच नाही, आधी नोट उजेडाकडे धरून घड्या मोजल्या. "जुनी म्हणजे महाग असं नसतंय. किती छापल्या, त्यातल्या किती उरल्या आणि कशा उरल्या, ते बघायचं." ट्रॅक्टरच्या पोत्यानं छापल्यात. नंबर एखादा वेगळा असला, म्हणजे सगळे आकडे सारखे किंवा शेवटी ७८६, तर हौशी माणूस थोडे जास्त देतो. लाख नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर साल छापायला लागले ते २००५ पासून. त्याआधीची नोट कधीची हे गव्हर्नरच्या सहीवरून ठरवतात. एक रुपयाची गोष्ट निराळी. ती भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवाची सही. म्हणून मनमोहन सिंगांची सही एक रुपयावर सचिव म्हणून सापडते आणि मोठ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून. हे ऐकून भाचा पहिल्यांदा मोबाईलमधून वर बघायला लागला.

आता ती दोनाची. खाली सही सी. डी. देशमुखांची. १९४३ ते १९४९ गव्हर्नर, त्या खुर्चीवर बसलेला पहिला भारतीय माणूस. आज्जाला नोटांचा नाद नव्हता. पण १९५६ मध्ये याच देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपण बेळगावकर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. आज्जी म्हणते, "ही मोडायची न्हाई, म्हणून दम भरलेला त्यानं."

आणि ही एवढी जपलेली नोट आमच्या काकांनी कधीतरी, खराब होऊ नये म्हणून, हौसेनं लॅमिनेट करून आणलेली! संग्राहकांनी डोक्याला हात लावला. कोरी करकरीत असती तर काही हजार म्हणाले. आता प्लास्टिक सोलायला जावं तर नोटच जाईल. बाबांनो, जुन्या नोटेला इस्त्री नको, पुसणं नको, चिकटपट्टी तर नकोच.

घरी आल्यावर आज्जीनं पिठाच्या डब्यातून बंद झालेल्या पाचशेच्या सात काढल्या. २०१७ च्या कायद्यानं अशा दहापर्यंत ठेवता येतात, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीस. तेव्हा माफ. आणि खानापूर-लोंढ्याकडच्या लोकांनी आज्जाच्या ट्रंका नीट बघाव्यात. गोव्याशी व्यवहार असलेल्या घरात पोर्तुगीज काळातली नोट निघू शकते, ती रद्दीत घालू नका.

ट्रॅक्टरच्या नोटा आजही चलनात आहेत. म्हणून भाच्यानं खडेबाजारात चहाला दोन दिल्या. चहावाल्यानं उलटसुलट करून बघितल्या, गल्ल्यात न टाकता खिशात घातल्या आणि हळूच विचारलं, "साहेब, ह्याला पाच लाख मिळत्यात म्हणं, खरं काय?"