सड्यावर गोल्फ? माती कुठून आणणार?

रत्नागिरी-देवगडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, समुद्राकडे तोंड केलेलं अठरा होलचं गोल्फ कोर्स व्हावं, असं एका लेखात म्हटलंय. चित्र झकास आहे. खाली समुद्र आणि आडवा खारा वारा चेंडू परस्पर कुणाच्या तरी कलमांच्या बागेत नेऊन टाकणार! खारघरला मी खेळलोय, तिथला चढउतारही दम काढतो. पण सडा म्हणजे कातळ हो. आमच्या घरामागे कुदळ मारली की वीतभर मातीखाली ठणकन जांभा लागतो. ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, १०८ मिलिमीटरचं भोक दर थोड्या दिवसांनी नव्या जागी कापावं लागतं. ते काय ब्रेकरने कापणार? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं गोल्फचं मैदान वाळूवर आहे, पाणी जिरतं. इथे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडून कातळावरून वाहून जातो आणि मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर. तेव्हा हिरवळ शिंपणार कशाने? शिवाय बारसू, उक्षीसारख्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. त्यांच्यावर भराव टाकून फेअरवे (होलपर्यंतचा हिरवळीचा पट्टा) करणार का? त्यापेक्षा किनाऱ्यालगत वाळूच्या जमिनीत नऊ होलचं बघा (सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आडवे येतील ते वेगळं). पहिला चेंडू हरवायला मी येतो.