आपोआप

आज सकाळी माझी जीप बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्याच शेडात तिसऱ्यांदा जॅकवर चढली. चूक माझी होती हे मला मान्य नाही. निदान पूर्ण मान्य नाही.

प्रकरण साधं होतं. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यानं जुन्या जीपचे शॉकअप केव्हाच संपवले होते. बंपर दाबून सोडला की गाडी एक हेलकावा घेऊन थांबायला हवी. माझी पाळण्यासारखी झुलत बसायची. म्हणून चार गॅसचे शॉकअप आणि पाट्यांचे, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, नवे रबरी बुश बाहेरून मागवले. खोक्यावर वाळवंटात उडणाऱ्या गाडीचं चित्र. तिकडच्या आमगावच्या पावसात वाळवंट कुठलं आलंय! पण चित्र बघितलं की हात खिशात जातो.

पहिल्या खेपेला जुने बोल्ट बुशाच्या नळीत असे गंजून बसले होते की डिझेल, घण, गॅसची ज्योत असं सगळं होईतो दुपार झाली. त्या वेळात मला मामा भेटले.

मामा नक्की कुणाचे, ते अजून कळलेलं नाही. ट्रकच्या फाटक्या टायरवर बसून ते रोज शेजारच्या दुकानाचा पेपर वाचतात, एवढाच त्यांचा गॅरेजशी संबंध.

"काय बसवायलाय ओ?"

"शॉकअप, मामा."

"किती पडलं?"

मी दोन हजार कमी करून सांगितलं. (घरी निम्मेच सांगितलेत.)

"एवढ्यात एक रेडी आली असती की ओ! आणि रेडीला शॉकअप लागत न्हाईत."

यावर काय बोलणार? मी बुशांची पिशवी उघडून बसलो, तर मामांनी त्यातला एक बुश उचलून दाबून बघितला, वास घेतला आणि पायजमा वर करून मला गुडघ्यावरचा टाक्यांचा व्रण दाखवला. "ह्येच की ते. माझं झिजलं तवा दोन हाडं एकमेकावर घासायलीत म्हणाला डॉक्टर. खरं त्यानं आधी तोलून बघितलं, मग कापलं."

मग त्यांनी एक नवा शॉकअप नातवासारखा मांडीवर घेतला. गॅसचा शॉकअप दाबून, पट्टी बांधून येतो.

"ह्याला बांधून का ठेवलंय बिचाऱ्याला?"

"आत गॅस आहे. पट्टी कापली की दांडा आपोआप बाहेर येतो. बसवल्यावरच कापायची."

"आपोआप?"

"आपोआप."

हा शब्द मी दोनदा उच्चारला, तिथं माझं चुकलं. मामांनी चंचीतून अडकित्ता काढला आणि सुपारी फोडावी तशी पट्टी फोडली. शॉकअप सावकाश, सत्काराला उठणाऱ्या अध्यक्षासारखा उभा राहिला. वाटेत त्यानं पेपर उचलला, चहाचा ग्लास कलंडवला. चहा माझ्या पँटवर. मामा हलले नाहीत. "जिवंत हाय की ओ ह्ये!"

पुढचा अर्धा तास शेजारच्या लेथवाल्यापासून टपरीवाल्या पोरापर्यंत प्रत्येकानं तो जमिनीवर टेकवून, अंगाचा भार टाकून दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मामा प्रत्येकाला 'आपोआप' समजावून सांगत होते. माल माझा, पैसे माझे, आणि माझा नंबर सहावा लागला.

मामांचे सल्ले मात्र थांबेनात. शनिवारी नवं लोखंड लावू नका. पुढं लिंबू बांधा. दांड्याला खोबरेल पाजा. बुशाचे बोल्ट आत्ता आवळू नका, गाडी चाकांवर उतरवा, मग आवळा. एक शॉकअप जादा घेऊन ठेवा. माझं डोकं फिरलं. मी मेस्त्रीला मोठ्यानं म्हणालो, "आवळा हो सगळे, आत्ताच, घट्ट!" मेस्त्री कानडीत 'बरं' म्हणाला, "आयतु सर." त्या वेळी मागचा एक्सल १९५६ पासूनच्या आमच्या सीमाप्रश्नासारखा अधांतरी लोंबत होता.

गाडी खाली आली ती चक्क इंचभर उंच! मी टिळकवाडीभर मिरवून आलो. "शॉकअपचा गुण," असं लोकांना सांगितलं. शॉकअप गाडी उचलत नाही, वजन पाट्यांवर असतं, तो फक्त त्यांचं नाचणं आवरतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. लोंबत्या एक्सलवर बोल्ट आवळला की रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. मग वर गाडीचं वजन आलं की ते पिळवटतं, आणि ते पिळलेलं रबरच माझी गाडी उचलून धरत होतं. तीन आठवडे धरलं. मग फाटलं. दर खड्ड्याला खट्ट. मेस्त्रीनं ग्रीस लावून परत पाठवलं, तेव्हा खट्ट आणि वर ग्रीसचे डाग.

आता पुन्हा नवे बुश, पुन्हा पूर्ण मजुरी. "तुम्हीच आवळा म्हणालात की सर." म्हणालो असेन! पण हे काम रोज करतो कोण? आणि त्या खोक्यावर अख्खं वाळवंट मावतं, तिथं 'बोल्ट गाडी चाकांवर ठेवून आवळा' एवढी एक ओळ मावत नाही? छापायला असा किती खर्च येणार होता?

आज जीप चाकांवर उतरवूनच बोल्ट आवळले. मेस्त्री गाडीखाली आडवा, मी बाजूला बॅटरी धरून. मामा टायरवरच होते. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणतील म्हणून मी सकाळपासून उत्तर जुळवून ठेवलं होतं. ते काही बोललेच नाहीत. पेपर घडी करून माझ्या पिशवीत डोकावले, चंचीला हात घातला आणि म्हणाले,

"आज न्हाई काय काही बांधून आणलेलं?"