बारावीची केमिस्ट्री आणि बोअरचं पाणी

प्रॅक्टिकलचे ३० मार्क 'मिळूनच जातात', हे सोलापुरात अकरावीच्या पहिल्या आठवड्यातच पोरांच्या कानावर पडतं. मिळतातही. पण त्या भरवशावर लॅब बुडवून क्लासला पळायचं आणि शेवटी मित्राचं जर्नल उतरवून काढायचं, याचा फटका ७० मार्कांच्या पेपरात बसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

सॉल्ट अ‍ॅनालिसिस घ्या, म्हणजे दिलेल्या अनोळखी क्षारात कोणते आयन आहेत ते ओळखणं. आपल्याकडं बोअरचं पाणी किती जड आहे, ते बादलीला धरलेला पांढरा थर बघून कुणालाही कळतं. तरी ओरिजिनल सोल्युशन, म्हणजे सॉल्टचं पाण्यातलं द्रावण, करायला पोरं सर्रास नळ सोडतात. मग सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरं, म्हणजे क्लोराइड! बेरियम क्लोराइड टाकलं की थोडं गढूळ, म्हणजे सल्फेट! अमोनियम कार्बोनेटला कॅल्शियमचीही पीपीटी (प्रेसिपिटेट, म्हणजे न विरघळणारा साका) येते. एका सॉल्टमध्ये एवढं सगळं कसं, असा प्रश्न पडेपर्यंत वेळ संपलेला असतो. सापडलेलं अर्धं सॉल्टमधलं नसतं, गच्चीवरच्या टाकीतलं असतं.

पाणी आधीच तपासा. टेस्टट्यूबमध्ये नुसतं २ मिली पाणी घ्या, त्यात डायल्यूट नायट्रिकचे चार थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. नितळ राहिलं तरच ते पाणी वापरा. नायट्रिक आधी का, तर कार्बोनेटसुद्धा सिल्व्हरबरोबर पांढरी पीपीटी देतं, आम्लानं ते निघून जातं. आणि घरच्या आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. क्षार कमी होतात, संपत नाहीत.

दुसरी नेहमीची चूक: आयर्न-अ‍ॅल्युमिनियमचा ग्रुप बघताना अमोनियम क्लोराइड विसरून थेट अमोनियम हायड्रॉक्साइड ओतणं. त्यानं हायड्रॉक्साइड आयन जास्त होतात आणि मॅग्नेशियमही खाली बसतं. अमोनियम क्लोराइड आधी असलं की अमोनियम आयन वाढतात, हायड्रॉक्साइड आयन दबतात, आणि ज्यांचा सोल्युबिलिटी प्रॉडक्ट फार कमी, म्हणजे जे फारच कमी विरघळतात, तेवढेच खाली येतात. हाच तो कॉमन आयन इफेक्ट, जो आयनिक इक्विलिब्रियाच्या धड्यात पोरं व्याख्या म्हणून घोकतात.

टायट्रेशनवर, म्हणजे ब्युरेटच्या उभ्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून किती लागलं ते मोजण्यावर, तर वेगळी पोस्ट होईल. परमँगनेट-ऑक्झॅलिकमध्ये (ब्युरेटमध्ये परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल) फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम लागतो, कारण थंडीत रिअ‍ॅक्शन रेंगाळते. पहिले थेंब तरीही उशिरा विरतात. तयार होणारं मँगनीज स्वतःच उत्प्रेरक, म्हणून पुढं वेग येतो. ऑक्झॅलिकऐवजी मोहर सॉल्ट (फेरस लोखंडाचा क्षार) असेल तर मात्र गरम करायचं नाही, फेरस हवेतल्या ऑक्सिजनने आधीच फेरिक होईल. हे दोन उलटसुलट करणारे दरवर्षी निघतातच. आम्ल डायल्यूट सल्फ्युरिकच घ्या. एचसीएल घेतलं तर परमँगनेट क्लोराइडलाही खातं आणि रीडिंग वाढतं, नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर. आम्ल कमी पडलं किंवा ब्युरेट भसाभस सोडलं, तर गुलाबीऐवजी तपकिरी गढूळ येतं. ते मँगनीज डायऑक्साइड. तो फ्लास्क सोडून द्या, नवा घ्या.

ब्युरेट भरायच्या द्रावणानंच विसळा, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्डनं. फ्लास्क ऑक्झॅलिकनं विसळला की पिपेटच्या १० मिलींत चोरून भर पडते. नोजलमधला हवेचा बुडबुडा सुरुवातीलाच काढा, नाहीतर तो मध्येच सुटतो आणि तेवढं रीडिंग फुकट चढतं. परमँगनेट गडद, ब्युरेटमधल्या द्रावणाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचा, आणि सुरुवातीला व शेवटी दोन्ही वेळा तीच.

हिशेब बघा: ०.०५ मोलर ऑक्झॅलिक १० मिली, ०.०२ मोलर परमँगनेट, म्हणजे समीकरणातल्या प्रमाणानं ब्युरेट १० मिलीला थांबायला हवी. एक थेंब साधारण ०.०५ मिली, म्हणजे अर्धा टक्का चूक. फिकट गुलाबी अर्धा मिनिट टिकला की बास. जर्नलमध्ये तीनदा १०.० लिहिलेलं बघून एक्झामिनरला काय कळायचं ते कळतंच.

आणि हो, फ्लास्कला बसलेला तपकिरी डाग ब्रशनं घासत बसू नका. उरलेलं कोमट ऑक्झॅलिक आणि थोडं डायल्यूट सल्फ्युरिक ओतून हलवा, डाग विरेल. विरताना बारीक बुडबुडे येतील, कार्बन डायऑक्साइडचे. ते बघता बघता समीकरण बॅलन्स करा.