पेरणीआधी कळणारा नियम

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा निफाड तालुक्यातील आमच्या शेतात लाल कांद्याची काढणी चालू होती आणि उन्हाळ कांद्याचे रोप लागणीला आले होते. धाकट्या भावाने त्या रात्री मला फोन केला आणि रोप लावावे की मोडून टाकावे, एवढेच विचारले. मी नेदरलँड्समधील झीलंड प्रांतात राहतो आणि कांद्याची प्रतवारी करणाऱ्या यंत्रांची देखभाल करतो. इथला कांदा जगभर जातो, तो कुठे आणि का जातो हे मला रोज दिसते. तरीही भावाला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते, कारण ते उत्तर बाजारात नव्हतेच. ते दिल्लीतील पुढच्या अधिसूचनेत होते.

त्या हंगामात सरकारने निर्यातीचे नियम किती वेळा बदलले ते पाहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आले आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. ते शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. कांद्याचे पीक रोपवाटिकेपासून साठवणीच्या चाळीपर्यंत पाच-सहा महिन्यांचे असते. म्हणजे शेतकरी ज्या नियमाकडे पाहून बी टाकतो, तो नियम काढणीपर्यंत टिकेल याची त्याला कसलीही खात्री नसते.

गावाकडच्या चर्चेत यावर दोन बाजू ठामपणे मांडल्या जातात. शरद जोशी बर्नमधील आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून परतले आणि त्यांनी चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटना उभी केली. त्या परंपरेत वाढलेले लोक म्हणतात की सरकारने शेतमालाच्या बाजारातून बाहेर पडावे, कारण शहरांना स्वस्त धान्य आणि भाजी देण्यासाठी शेतकऱ्यावर लादलेली ‘उणे सबसिडी’, म्हणजे मुद्दाम पाडलेला भाव, हेच त्याच्या दारिद्र्याचे मूळ आहे. दुसरी बाजू म्हणते की बाजार मोकळा सोडला तर मोठा व्यापारी लहान शेतकऱ्याला गिळेल, आणि महाराष्ट्राने १९६३ चा बाजार समिती कायदा केला तो हेच रोखण्यासाठी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र दोन्ही बाजू आपल्या आधाराला युरोप आणतात, तेव्हा मला इथून बोलावेसे वाटते. कारण ज्या युरोपची साक्ष काढली जाते, तो मला इथे राहून दिसलेला नाही.

झीलंडमधील शेतकरी मोकळ्या बाजारात विकतो हे खरे आहे, पण तो मोकळेपणाने पिकवतो हे खरे नाही. कोणत्या तुकड्यात कोणते पीक आहे याची नोंद त्याला दरवर्षी सरकारकडे करावी लागते. पीक आणि जमिनीचा प्रकार पाहून नत्राची कमाल मात्रा ठरवलेली असते. चराच्या कडेने ठरावीक रुंदीची पट्टी खत आणि फवारणीविना सोडावी लागते, फवारणीची नोंद ठेवावी लागते आणि औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला तर माल बाजारातून काढून घेतला जातो. आमच्या गावातील कोणत्याही शेतकऱ्यापेक्षा हा माणूस अधिक नियमांत बांधलेला आहे. फरक इतकाच की मार्चमध्ये बी पेरताना त्याला यातला बहुतेक भाग माहीत असतो, आणि सप्टेंबरमध्ये भाव चढला म्हणून सरकार जिथे बसते त्या हेग शहरातून कोणी त्याचा माल बंदरावर अडवत नाही.

या देशाला मोकळिकीचा अनुभवही आहे आणि तो पूर्ण सुखाचा नाही. युरोपातील दुधाचा कोटा १९८४ मध्ये सुरू झाला आणि ३१ मार्च २०१५ रोजी संपला. बंधन जाताच डच गोठ्यांतील गाई वाढल्या, शेणखतातील फॉस्फेट ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले, २०१७ मध्ये जनावरे कमी करण्याची योजना आणावी लागली आणि १ जानेवारी २०१८ पासून फॉस्फेटच्या हक्कांची नवी पद्धत लागू झाली. कोटा गेला म्हणून कर्ज काढून नवे गोठे बांधणाऱ्यांना तीन वर्षांत दुसऱ्या नावाचा कोटा मिळाला. पुढे २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नत्र उत्सर्जनाच्या परवान्यांची चालू पद्धत रद्द ठरवली, तेव्हा हजारो ट्रॅक्टर रस्त्यावर आले आणि मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. नियम अचानक उलटला की शेतकरी लासलगावचा असो वा झीलंडचा, तो सारखाच होरपळतो.

कोणी म्हणेल की गरीब देशात कांदा महागला तर सरकारने हात बांधून बसावे काय? बसू नये. ज्या घरात महिन्याचे पैसे मोजून भाजी येते, तिथे किलोमागे चाळीस रुपयांची वाढ ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि कांद्याच्या भावाने दिल्लीतील निवडणुका फिरल्याची आठवण प्रत्येक सत्ताधाऱ्याला आहे. पण दिलासा कुणाच्या खिशातून द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. २०२३ मध्ये डच सरकारनेही घरगुती गॅस आणि विजेच्या दरावर मर्यादा घातली. गॅसला पहिल्या १,२०० घनमीटरपर्यंत घनमीटरमागे १.४५ युरो आणि विजेला २,९०० युनिटपर्यंत युनिटमागे ४० सेंट. मुक्त बाजाराच्या भक्तांनी हे ध्यानात घ्यावे. परंतु बाजारदर आणि ही मर्यादा यांतला फरक सरकारने तिजोरीतून पुरवठादारांना भरून दिला. आपल्याकडे निर्यातबंदीने ग्राहकाला जो दिलासा मिळतो, त्याचे बिल थेट कांदा उत्पादकाच्या नावावर पडते. त्या डिसेंबरात लासलगावचे भाव थोड्याच दिवसांत जवळपास निम्म्यावर आले, आणि ही रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसत नाही.

सर्वांत जास्त खंत मला २०२० ची वाटते. त्या वर्षी सरकारने जीवनावश्यक वस्तू कायद्यातून कांदा सैल केला आणि कांद्यासारख्या फलोत्पादन मालाचे किरकोळ भाव १०० टक्के वाढले तरच साठ्यावर मर्यादा येईल असे लिहून ठेवले. भाववाढीची मोजलेली, आधी जाहीर केलेली अट घालणारी ही तरतूद मला मनापासून पटली होती. ती दुरुस्ती लोकसभेने १५ सप्टेंबरला मंजूर केली; कांद्याची निर्यातबंदी त्याच्या आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला जाहीर झाली होती. ऑक्टोबरमध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी साठामर्यादा आली. वर्षभराने तिन्ही कृषी कायदे मागे घेण्यात आले आणि त्यांबरोबर ही तरतूदही गेली. पंजाबातील शेतकऱ्यांच्या शंका मला समजतात, पण नाशिकच्या शेतकऱ्याचा विश्वास त्या कायद्यांवर बसला नाही याचे कारण मला १४ सप्टेंबरच्या त्या अधिसूचनेत दिसते.

बाहेरच्या ग्राहकाचेही असेच होते. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच जाहीरपणे सांगितले होते की आधी कळवले असते तर बरे झाले असते. त्यांचीही तक्रार पूर्वसूचना मिळाली नाही हीच होती. परदेशी खरेदीदार भरवशाच्या मालाकडे वळतो, आणि एकदा वळलेला खरेदीदार बंदी उठल्याच्या दिवशी परत येत नाही.

जिथे सरकारचा हात खरोखर हवा, तिथे मात्र तो पोहोचत नाही. शेतमालाच्या बड्या खरेदीदाराने लहान पुरवठादाराला नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत आणि इतर मालाचे ६० दिवसांत द्यावेत असा युरोपीय नियम आहे, आणि नेदरलँड्समध्ये स्पर्धा व ग्राहकविषयक प्राधिकरण त्यावर देखरेख ठेवते. आपल्या बाजार समित्यांचा नियम याहून कितीतरी कडक आहे, २४ तासांत पैसे देण्याचा. तरीही माझ्या वडिलांना एका व्यापाऱ्याने दिलेला धनादेश वटला नाही आणि ते पैसे मिळायला चौदा महिने लागले. समितीकडे त्या व्यापाऱ्याचा परवाना होता, वडिलांपाशी काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, होती, नियम छापील होता. तो वापरून वसुली करणारे कोणी नव्हते. एका दिवसात देशभरची बंदरे बंद करू शकणाऱ्या व्यवस्थेला एका व्यापाऱ्याकडून चौदा महिने पैसे काढता आले नाहीत.

म्हणून माझे मागणे साधे आहे. रब्बीचे बी रोपवाटिकेत पडण्यापूर्वी सरकारने त्या हंगामाचे निर्यातधोरण जाहीर करावे आणि ते काढणीनंतरच्या साठवणीच्या महिन्यांपर्यंत बदलू नये. भाव ठरावीक रेषेच्या वर गेला तर सरकारने बाजारभावाने कांदा घ्यावा, गरीब कुटुंबांना तो स्वस्तात द्यावा आणि मधला फरक अंदाजपत्रकात दाखवावा. आणि काटा, धनादेश, परवाना यांवरचे नियम आहेत तेवढेच, पण रोज पाळले जातील असे करावेत.

त्या डिसेंबरात भावाने निम्मे रोप लावले आणि निम्मे मोडले. लावलेला कांदा एप्रिलमध्ये निघाला, त्यातला बराचसा उसनवारी फेडण्यासाठी लगेच विकावा लागला, आणि बंदी ४ मे रोजी उठली.